पिळाची मूठ

माझ्या आईला तुम्ही मारलंत, साहेब.

कपाळाला आठ्या घालू नका. "आवाज चढवायची ही जागा नव्हे," असं तुम्ही मला त्या दिवशी सुनावलंत आणि मी गप्प बसले, कारण तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं. आता आहे. 'चालकाचा निष्काळजीपणा' हे शब्द तुमचे. ते वाचून झाल्यावर तुम्ही चष्मा काढलात, रुमालाने पुसलात आणि पुढच्या प्रकरणाला हाक मारलीत. तो चालक म्हणजे माझे बाबा. मरणारी म्हणजे माझी आई. आणि पेट्रोलपंपांच्या ज्या मंडळाच्या खुर्चीत तुम्ही बसला होतात, त्याच मंडळाने तिला जाळलं. आता सगळं पहिल्यापासून ऐका. मध्ये बोलायची सोय पत्रात नाही, हे एक बरं आहे.

बाबा डब्यांच्या कारखान्यात डाखकाम करायचे. डाख म्हणजे पत्र्याचा सांधा वितळलेल्या कथलाने बुजवायचा. तुमच्या कागदांत त्या डब्यांना 'कॅन' म्हणतात. कारखान्यात कुणी कॅन म्हटलं तर लोक विचारायचे, "काय रे, साहेब झालास का?" तुम्ही मोटारीने फिरता तेव्हा गाडीच्या पायरीवर असे दोन डबे पट्ट्याने आवळलेले असतात. तुम्ही त्यांना कधी हात लावला नसेल, तुमचा ड्रायव्हर लावतो. एकात पेट्रोल, एकात पाणी. माळाच्या रस्त्यावर ना पंप, ना विहीर, ना झाड. टाकी आटली की मोटार उभी राहते आणि रेडिएटर आटला की उकळते. म्हणून दोन डबे.

दोन्ही एकाच मापाचे, कारण दोन्ही एकाच साच्यावर कापतात आणि पायरीवरच्या एकाच चौकटीत बसवायचे असतात. रंगही एकच, मातकट हिरवा. फरक फक्त मुठीत. पेट्रोलच्या डब्याच्या मुठीवर तारेचा पीळ असायचा, दोरीसारखा, हाताला टोचणारा. पाण्याची मूठ गुळगुळीत. हा पीळ जुन्या मिस्त्रींनी काढला होता, माझ्या जन्माच्या आधी. कारखान्याच्या अंधाऱ्या कोठीत एकदा कुणीतरी पाणी समजून पेट्रोल ओतलं आणि कोठी जळाली, त्यानंतर. तेव्हापासून कारखान्याचा रिवाज असा, की नवा माणूस आला की त्याचे डोळे बांधायचे, डब्यांच्या ढिगापुढे उभं करायचं आणि म्हणायचं, "पेट्रोल आण." न चुकता आणायला लागला की मगच त्याच्या हातात डाखाची सळई द्यायची. चुकला की सगळे ओरडायचे, "जळालास रे जळालास!" हसत हसतच, पण ओरडायचे.

डोळे बांधायचे याला कारण होतं. डाखवाल्याला नाकाचा उपयोग नाही. सांध्यावर आधी तेजाब लावतात, तापलेली सळई टेकली की त्याचा पांढरा धूर थेट नाकात जातो. कारखान्यात म्हणायचे, डाखवाल्याचं आधी नाक जातं, मग दात जातात, आणि माणूस जातो तेव्हा कुणाला वासही लागत नाही. बाबांचं नाक माझ्या लहानपणीच गेलं. आई म्हणायची, "यांच्यापुढे भाजी करपली काय नि फुलं ठेवली काय, एकच. संसार सोपा झाला माझा."

आमच्या घरात टाकाऊ डबे होते. पोचा आलेले, रंग ओघळलेले. गुळगुळीत मुठीच्या डब्यात प्यायचं पाणी, पिळाच्या डब्यात स्टोव्हचं रॉकेल. मला अक्षर ओळखता यायच्या आधी मूठ ओळखता यायची. दिवे गेले तरी स्वयंपाकघरात माझा हात चुकायचा नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

मी स्वतः डबे करत नाही. मी मोटारींच्या सीटा शिवते, गॅरेजांच्या गल्लीत माझं मशीन आहे. त्यामुळे आमच्या घरात मोटारीचं सगळं होतं, फक्त मोटार नव्हती. कारखान्यातून कायमचे सुटल्यावर बाबांनी तीही उभी केली. भंगारातली. इंजिन एकीचं, दारं दुसरीची, आणि रेडिएटर देवाला ठाऊक कुणाचा. त्याला बाबांनी इतक्या जागी डाख दिला होता की मूळचा पत्रा शोधावा लागे. चढ आला की गाडी उकळायची आणि शीळ घालायची. आईने तिचं नाव किटली ठेवलं.

"अहो, तुमच्या किटलीत चहापत्ती टाकू का? पाणी उकळलंय."

"टाक. साखर बेताची टाक."

"विका हो ती. लोक हसतात."

"हसू देत. त्यांच्याकडे हसायला तरी स्वतःची मोटार आहे का?"

"सुंभ जळलं तरी पीळ जात नाही या माणसाचा," आई मला म्हणायची, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने. आणि बाजाराला निघताना पुढच्या सीटवर त्यांच्या शेजारी राणीसारखी बसायची. ती सीट मी शिवली होती. आईची कंबर दुखायची म्हणून पाठीशी कापूस जास्त भरला होता.

माळापलीकडच्या गावात माझी मावशी राहते. ती न्हाणीत पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. आई बाजाराच्या पुढे मोटारीतून कधी गेली नव्हती, पण निरोप आला तशी तिने डोक्याला रुमाल बांधला आणि छत्री घेतली. "चला. आज बघूच तुमची किटली किती पाण्यात आहे."

आता पंपाचं सांगते. माळ सुरू व्हायच्या आधी शेवटचा पंप आहे. तिथली पद्धत तुमच्याच मंडळाने घालून दिलीय, त्यामुळे तुम्हाला ठाऊक असायला हरकत नाही. आपले रिकामे डबे तिथे ठेवायचे, पंपवाला भरलेली जोडी पायरीवर बांधून देतो, आणि पलीकडच्या पंपावर ती परत करायची. बाबांनी घरून स्वतःच्या हातचे डबे नेले होते. ते द्यायला त्यांचं मन होईना.

"द्या हो," आई म्हणाली. "डबे आहेत, मुलं नव्हेत."

"दोन्हींचे सांधे माझे आहेत."

"मग बरंच. कुणाच्या तरी उपयोगी पडतील."

पंपवाल्याने भरलेली जोडी आणली. बाबांनी लांबूनच बुडावरचा शिक्का पाहिला. त्यांच्याच कारखान्याचा होता. "आपलेच आहेत," ते आईला म्हणाले, आणि टायरांची हवा बघायला गेले. डबे पंपवाल्याने बांधले. आई बाकावर बसून चहा प्यायली आणि छत्री तिथेच विसरली. या सगळ्यात निष्काळजीपणा शोधायचा असेल तर तो छत्रीचा, साहेब. दुसरा नाही.

माळावर किटली उकळली. उकळणारच होती. बाबांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. वाफ ओसरू दिली. आई नरसाळं घेऊन उतरली, कारण घरी तेल ओतताना नरसाळं धरायचं काम तिचंच. बाबा वाकले आणि मुठींवरून हात फिरवला. एक टोचली. ती सोडून त्यांनी दुसरा डबा सोडवला.

"नरसाळं सरळ धर."

"धरलंय की."

हे दोघांचं शेवटचं बोलणं. बाबांना त्यापुढचं काही आठवत नाही. गुळगुळीत मुठीच्या डब्यात पेट्रोल होतं. तापलेल्या इंजिनावर ते भसकन पेटलं. मालट्रकवाल्यांनी दोघांना दवाखान्यात आणलं. आई वाटेतच गेली. बाबांचे डोळे गेले आणि दोन्ही तळहात गेले. म्हणजे हात आहेत. पण तळव्यांची कातडी ताणून शिवलेल्या सीटेसारखी झालीय, चकचकीत आणि मुकी. तिला टोचलेलं कळत नाही, ऊन कळत नाही, मी हात हातात घेतला तर तेही कळत नाही.

मग तुमची चौकशी. पट्ट्या निघाल्या नव्हत्या तरी तुम्ही बोलावलंत म्हणून मी त्यांना धरून आणलं. डबे जळून काळे गोळे झाले होते, ते टेबलावर ठेवले होते. पंपवाल्याची जबानी झाली. "अक्षरं बघून भरले," तो म्हणाला. खरंच होतं ते. मग बाबा उभे राहिले. बसायला खुर्ची कुणी दिली नाही. मी दिली तर ते म्हणाले, "साहेबांपुढे नको."

"डब्यावर अक्षरं होती ना?" तुम्ही विचारलंत.

"असतील साहेब. धूळ बसली होती. आणि आम्ही डबा वाचत नाही, धरतो."

मागे लोक हसले. तुम्हीही थोडं हसलात. बाबांना ते दिसलं नाही, मला दिसलं.

"वास? पेट्रोलचा वास न येणारा माणूस असतो का?"

"डाखवाला असतो, साहेब."

"वजन तरी? पाणी पेट्रोलपेक्षा जड असतं."

"एकच डबा उचलला साहेब. एकट्या डब्याचं वजन कशाशी ताडून बघू?"

"मग पाणी आहे हे ठरवलंत कशावरून?"

"मूठ गुळगुळीत होती. पिळाची नव्हती."

इथे तुम्ही थांबलात. आठवतं? तुमचं पुढचं वाक्य तोंडात तयार होतं, ते तुम्ही गिळलंत. तुम्ही डावीकडे बसलेल्या दुसऱ्या साहेबांकडे बघितलंत. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि पुन्हा होता तिथेच ठेवला. टाइप करणाऱ्या बाईंनी बोटं उचलून तुमच्या तोंडाकडे बघितलं. आणि मग तुम्ही म्हणालात, "बरं. पुढे."

मुठीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मला वाटलं, तुम्हाला कीव आली असेल. मूर्ख मी.

निकाल ऐकून बाबा घरी आले आणि त्यांनी तो खरा मानला. हे तुम्हाला कळायला हवं. त्यांनी तुम्हाला शिव्या दिल्या नाहीत. ते खाटेवर बसले आणि म्हणाले, "पोरी, हात चुकला माझा." त्यानंतर तेच एक वाक्य. जेवताना मी घास भरवते तेव्हाही मध्येच तोंड बाजूला करून म्हणायचं, "हात चुकला." कारखान्यातले लोक भेटायला यायचे, त्यांनाही तेच. एक दिवस म्हणाले, "भिंतीवरचा तिचा फोटो काढ."

"बाबा, तुम्हाला कुठे दिसतोय तो?"

"तिला मी दिसतो."

मी काढला. कपाटात उलटा ठेवला.

पंपवाल्याचा निरोप आला की आईची छत्री त्याच्याकडे राहिलीय, कुणी आलं तर देईन. मी एका ट्रकवाल्याला विनवून तिथवर गेले. तिचा हात लागलेलं शेवटचं धड काही राहिलं असेल तर ती छत्रीच होती, बाकी सगळं जळालेलं. पंपवाल्याने ती कागदात गुंडाळून ठेवली होती. माणूस वाईट नाही. माझ्याकडे बघवेना त्याला. "ताई, तोंड तरी धुवा," म्हणाला आणि एक डबा पुढे केला.

मी मूठ धरली आणि झटक्यात सोडली. डबा पायावर पडला असता.

"अहो, हे पेट्रोल आहे! तोंड कसलं धुवा म्हणताय?"

"पेट्रोल कसं असेल? पाणीच आहे." त्याने टोपण काढून ओंजळीत ओतून दाखवलं. स्वतः दोन घोट प्यायला.

"मुठीला पीळ आहे याच्या."

"हां, आता पाण्यालाच असतो पीळ. पेट्रोलची साधी. नवा नियम. मंडळाचे साहेब जीपमधून आले होते, प्रत्येक पंपावर थांबून सांगून गेले. पाणी घेताना लोकांचे हात ओले असतात, डबा निसटतो, म्हणून पकड पाण्याला. बरोबरच आहे तसं. नवे डबे सगळे असेच येतात."

"आणि जुने?"

"जुने आले की मी बाजूला काढतो, ते परत जातात. तुमच्या वडिलांचेही गेले." तो थांबला. बाजूच्या डब्यांकडे बघत राहिला. हळूहळू त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "ताई... वडील कारखान्यातलेच ना तुमचे? मला वाटलं, ज्यांनी केले त्यांना तर पहिलं सांगितलं असेल."

बघा. पंपावरच्या माणसाला जे वाटलं ते तुम्हाला वाटलं नाही. नियम बदलायला कुणाची ना नाही. ओल्या हाताला पकड द्यायची होती तर दोन्ही मुठींना वेगवेगळा पीळ द्यायचा, रंग बदलायचे, काहीही करायचं. तुम्ही उजवं काढून डाव्याला लावलंत. आणि जीप पंपापंपावर फिरवलीत, पण ज्या गल्लीत ते डबे करून म्हातारे झालेले लोक राहतात, तिथे एकदाही वळवली नाहीत. त्या गल्लीतला प्रत्येक हात उलटं शिकलेला आहे. डोळे बांधून शिकलेला.

मी त्याच्याकडून एक नवा डबा मागून घेतला, पाण्याने भरलेला. मांडीवर घेऊन ट्रकमधून घरी आणला. वाटभर माझा हात मुठीवर होता. मला वाटत होतं, आज बाबा जेवतील.

"बाबा, तुमचा हात चुकला नाही."

मी डबा खाटेशी टेकवला.

"मूठ बदलली त्यांनी. पीळ आता पाण्याला आहे. हा बघा, नवा डबा आणलाय."

"कुणी बदलली?"

"मंडळाने."

"आणि कारखान्याने ऐकलं? मिस्त्रींचा पीळ आहे तो."

"ऐकलं."

"आम्हाला कुणाला न बोलावता?"

"हो बाबा."

त्यांनी हात पुढे केले. मी मूठ त्यांच्या तळव्यांत दिली. त्यांनी बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. काही नाही. मग मीच डबा तिरका केला आणि मूठ त्यांच्या दंडाच्या आतल्या बाजूला घासली, जिथे कातडी शाबूत आहे. ते दचकले.

"पीळ आहे."

"आहे ना?"

"मग हा पेट्रोलचा."

"आत पाणी आहे. जीभ लावून बघा."

मी झाकणात थोडं ओतून त्यांच्या ओठांना लावलं. ते चाखून बघितलं त्यांनी, नीट, दुकानदार तेल चाखतो तसं. आणि मग किती तरी दिवसांनी हसले. मला ते हसू सहन झालं नाही.

"पाणीच आहे. तू भरलंस ना?"

"नाही हो! पंपावर भरलेलं आहे. अक्षरं आहेत वर, 'पाणी' म्हणून."

"तू म्हणतेस म्हणजे असतील." त्यांनी माझं डोकं चाचपडत शोधलं आणि तो मुका हात त्यावर ठेवला. "आईवर गेलीस. ती पण माझ्यासाठी खोटं बोलायची. रेडिएटर गळत असला तर म्हणायची, वरून पाणी सांडलंय. तिलाही नीट जमायचं नाही."

"बाबा, देवाशप्पथ..."

"शपथ नको घालूस. पाप लागेल उगाच. हे बघ, चौकशीत मी मुठीचं सांगितलं की नाही? स्पष्ट सांगितलं, गुळगुळीत होती म्हणून. मूठ बदलली असती तर साहेबांनी तिथेच सांगितलं नसतं का? एवढी मोठी माणसं. त्यांचाच नियम. ते म्हणाले असते, म्हातारबा, तुमची चूक नाही, मूठच आम्ही बदललीय. म्हणाले का?"

मी झाकण लावून डबा खाली ठेवला.

"साहेब सांगतील तेव्हा मानेन," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

त्यांना माझ्यापेक्षा तुमच्यावर विश्वास आहे. पोटच्या पोरीवर नाही, तुमच्यावर आहे.

मी हार मानली नाही. कारखान्यात मुठींना पीळ घालायचं काम एकच माणूस करतो. बाबांचा जोडीदार, दोघं एकाच बाकावर डबा खाऊन म्हातारे झाले. मी त्याला लहानपणापासून पीळकाका म्हणते. म्हटलं, माझं नाही तर त्याचं तरी ऐकतील. मी त्याला गाठलं आणि एवढंच म्हटलं, "काका, घरी या आणि खरं काय ते बाबांना सांगा."

तो आला. स्वच्छ सदरा घालून आला. बाबांच्या खाटेशी बसला. मी चहा ठेवला.

"कोण, पिळ्या का?" बाबांनी पावलांवरून ओळखलं. "काय म्हणतो कारखाना?"

"चाललंय."

"पोरगी काय म्हणते ऐकलंस? म्हणते, पीळ पाण्याला लावता तुम्ही आता. मी म्हटलं, पिळ्या असं काम करायचा नाही. केलंच तर आधी मला येऊन सांगेल. काय रे?"

पीळकाका माझ्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलले. मी मानेने म्हटलं, बोला. बाबा वाट बघत होते, चेहरा वर करून, हसऱ्या चेहऱ्याने. आणि तो म्हणाला, "चहा छान झालाय."

बाबा म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

दारात मी त्याचा सदरा धरला. "काका, तुम्ही माणूस आहात की कोण?"

"सोड बाई." तो रडत होता. "ती मूठ माझ्या हातची होती गं. त्याने धरली ती नाही, सोडली ती. पाण्याच्या मुठीला पीळ घालताना रोज वाटायचं, याला जाऊन सांगावं. गल्ली लांब नाही. पण वाटलं, मंडळ सांगेल. कुणीतरी सांगेलच की. हे मी आता त्याला कोणत्या तोंडाने सांगू? त्याला वाटतंय की पिळ्याने सांगितलं असतं. तेवढं तरी राहू दे त्याला."

मी सदरा सोडला. माझा राग त्याच्यावर फार वेळ टिकला नाही. तो भित्रा आहे, पण तो रडतो. तुम्ही चष्मा पुसलात.

आता घरात तो डबा आहे, पाण्याने भरलेला, कारण बाबा तो ओतू देत नाहीत. "पंपवाल्याचा आहे, परत कर," म्हणतात. आईची छत्री दारामागे आहे. फोटो कपाटात उलटा आहे. बाबा दिवसभर उजवा हात डाव्या दंडावर घासत बसतात, जिथे मी मूठ टेकवली होती तिथे. विचारलं तर म्हणतात, "काही नाही, खाजतंय." पण मला माहीत आहे ते काय करतायत. त्यांना क्षणभर वाटतं की पोरगी खरं बोलत असेल. आणि मग त्यांना तुम्ही आठवता, तुमचं 'बरं, पुढे' आठवतं, आणि हात थांबतो. काल आपणहून म्हणाले, "ती म्हणायची ते खरं. सुंभ जळलं, पीळ गेला नाही." मी विचारलं, कशाबद्दल म्हणताय? तर म्हणाले, "हातच जळला, पण चुकला हे काही जात नाही."

मला तुमची शिक्षा नको. निकालपत्र फाडा म्हणत नाही, ते तुमच्याजवळच ठेवा. तुमच्या जीपला आमची गल्ली सापडत नसेल तर मी कोपऱ्यावर उभी राहते, आईची छत्री उघडून, लांबून दिसेल. तुम्ही यायचं, त्यांच्या खाटेशी बसायचं आणि एकच वाक्य म्हणायचं: मूठ आम्ही बदलली. ते तुमचा आवाज ओळखतील. डोळे गेल्यापासून त्यांना आवाज पक्के लक्षात राहतात, आणि तुमचा तर ते रोज ऐकतात. तुम्ही ते म्हणालात की मी फोटो पुन्हा भिंतीवर लावीन, आणि त्यानंतर तुमचं माझं काही नाही.

येणार नसाल, तर निदान एका प्रश्नाचं उत्तर द्या. इथे जागा कोणती, आवाज कुणाचा चढलाय, ते काढू नका. सरळ सांगा. माझे बाबा तुमच्यापुढे उभे राहून म्हणाले, "मूठ गुळगुळीत होती, पिळाची नव्हती," तेव्हा तुम्ही डावीकडच्या साहेबांकडे का बघितलंत?